उचला, पण पचवा

रविवारच्या चित्रकलेच्या वर्गात तिला सगळे दातवाली म्हणायचे. तिचे दात पुढे होते अशातला भाग नाही. आठवडाभर ती एका लॅबमध्ये लोकांसाठी खोटे दात बनवायची. शेजारच्या दाताशी रंग जुळला नाही, की माणूस हसताक्षणी पितळ उघडं. पांढऱ्यातले सोळा पांढरे तिला बिनचूक ओळखता यायचे, आणि रविवारी तीच नजर घेऊन ती अ‍ॅक्रिलिकचे रंग कालवायला बसायची.

वर्ग सरांचा. सर मोठे चित्रकार, आणि त्यांची पद्धत ठरलेली. बोर्डावर डावीकडे आपण काढलेला फोटो लावायचा, उजवीकडे आपल्याला आवडणाऱ्या एखाद्या थोर चित्राची छापील प्रत, आणि मधे आपला कॅनव्हास. फोटोतून आकार घ्यायचा, थोर चित्रातून उजेड घ्यायचा, आणि दोन्हींपेक्षा वेगळं असं आपलं काहीतरी करायचं. "उचला, पण पचवा," सर सांगायचे. बाकीचे ते वहीत लिहून घ्यायचे. दातवालीनं तर कागदावर लिहून ब्रशच्या डब्याला चिकटवलं होतं. भाबडी बाई!

तिच्या बोर्डावर डावीकडे आईचा फोटो. आई स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसून स्वेटरला बटण लावतेय, दोरा दातानं तोडायला मान वाकडी केलेली, आणि खिडकीबाहेर समोरच्या घराची कोरी भिंत. आई फोटोला कधीच बसायची नाही. कॅमेरा दिसला की उठून आत जायची. हा एकच तिच्या नकळत निघाला होता. त्यावर मापाच्या चौकटी आखताना पट्टी सरकली आणि निळ्या बॉलपेनाची एक रेघ खिडकीतून तिरकी गेली. पुसायला गेली, तर फोटोच खराब व्हायला लागला. जुना मोबाइल केव्हाच बंद पडलेला, दुसरी प्रत नाही. मग राहू दिली रेघ तशीच.

कॅनव्हासवर आकार उतरल्यावर सर म्हणाले, "हा फोटो आठवडाभर माझ्याकडे राहू दे. बघतो जरा." सरांनी मागितला याचंच तिला कोण कौतुक! आठवडा झाला, महिना झाला. "ठेवलाय कुठेतरी, सापडला की देतो." पुढे पुढे विचारायची तिलाच लाज वाटायला लागली. उरलेलं चित्र तिनं समोर बसलेल्या आईकडे बघून पुरं केलं. दोन वर्षं, थरावर थर. अ‍ॅक्रिलिक वाळलं की गडद होतं, म्हणून आईच्या गालाच्या रंगाचे ठिपके पुठ्ठ्यावर देऊन, वाळवून, तो पुठ्ठा आईच्या गालाशी धरून बघायची. लॅबमध्ये दातांसाठी करतात तसंच.

"संपल्या नाहीत का गं अजून तुझ्या रेघोट्या?" आई वैतागायची.

चित्र झालं, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिनं ते वार्षिक प्रदर्शनाला पाठवलं. आपली आई एकदा आपल्या नावानं भिंतीवर लागावी, एवढंच तिला हवं होतं. पंधरा दिवसांत चित्र परत. सोबत निवड समितीची चिठ्ठी, की हे सरांच्या नव्या चित्राची नक्कल आहे, सबब स्वीकारता येत नाही.

सरांचं कुठलं चित्र? ती तडक गॅलरीत गेली. सरांचं स्वतंत्र प्रदर्शन लागलं होतं, आणि दारासमोरच, माणसाएवढी, तिची आई. तेच बटण, तीच वाकडी मान. आणि खिडकीबाहेर, जिथं कोरी भिंत असायला हवी, तिथं मोकळं आकाश आणि त्यात एक तिरकी निळी दोरी. दोन जण समोर उभे राहून म्हणत होते, की अख्खं चित्र त्या दोरीनं तोललंय. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दोरी कसली डोंबलाची! तिची घसरलेली पट्टी होती ती.

सर आतल्या खोलीत होते.

"सर, ती दोरी..."

"दोरी ना? सगळे तिच्याबद्दलच विचारतात. अशी आतून येते एखादी गोष्ट."

"माझ्या बॉलपेनातून आली ती. फोटोवर रेघ होती माझी."

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "उचला, पण पचवा, हे मीच शिकवलं ना तुला? तू फोटोला चिकटून राहिलीस. मी पचवला."

"मग समितीला दोन ओळी लिहून द्या, फोटो माझा होता म्हणून. माझं चित्र लागेल."

"कुठला फोटो?" सर शांतपणे म्हणाले. "असला तर दाखव ना."

इतकी वर्षं ती पचवणं म्हणजे अन्न पचवणं समजत होती. लोकांचा माल घशात घालून वर कानावर हात ठेवतात, त्यालाही पचवणंच म्हणतात, हे बाईच्या लक्षातच आलं नव्हतं.

आता साक्षीदार एकच उरला होता. सरांच्या प्रदर्शनाच्या शेवटच्या दिवशी समितीची माणसं येणार होती. तिनं आईला बसवून सांगितलं, "एवढंच सांगायचं. फोटो माझ्या मुलीनं काढला, आणि आमच्या खिडकीबाहेर भिंत आहे, दोरीबिरी काही नाही."

"जे आहे ते सांगेन की," आई म्हणाली. "खोटं कशाला बोलायचं?"

गॅलरीत पाऊल टाकलं आणि आई जागीच थांबली. "अगं बाई! ही मी?" सर लगबगीनं पुढे आले, वाकून नमस्कार केला, खुर्ची मागवली. "या आई, तुमच्यामुळे झालं हे चित्र." भोवती माणसं जमली. कोणी पाणी आणून दिलं, कोणी म्हणालं अगदी हुबेहूब. कॅमेरा बघून पळणारी बाई खुर्चीत ताठ बसून कधी पदर, कधी स्वेटरची कड नीट करत होती. समितीच्या अध्यक्षबाईही येऊन उभ्या राहिल्या, तशी दातवाली पुढे झाली.

"आई, सांग यांना. आपल्या खिडकीबाहेर काय आहे?"

आईनं चित्राकडे खूप वेळ पाहिलं. मग तिचा चेहरा उजळला. "दोरी होती की! निळीच होती. टॉवेल वाळत घालायचे मी तिच्यावर."

"आई, भिंत आहे तिथं!"

"भिंत आत्ता आहे गं. आधी दोरी होती. मला आठवतंय ना."

"बरं, आणि फोटो? फोटो कोणी काढला?"

"माझा फोटो?" आई हसली. "मी कधी बसलेय का फोटोला? तू काढलास म्हणतेस, पण मी काही पाहिला नाही बाई. खोटं कशाला बोलू?"

माणसं कौतुकानं हसली. अध्यक्षबाई घड्याळ बघत पुढच्या चित्राकडे वळल्या. दिवसभर दुसऱ्यांचे दात घडवणाऱ्या बाईची स्वतःची दातखीळ बसली होती.

"आई, आपला एक फोटो होऊ दे," सर म्हणाले आणि खुर्चीमागे उभे राहिले. "दातवाली, तूच काढ. फोटोला तुझा हात फार चांगला आहे."

"नीट काढ गं," आई म्हणाली, "हलवू नकोस."

तिनं मोबाइल धरला. पडद्यावर मापाच्या चौकटी होत्या, चित्रासाठी तिनंच कायमच्या लावून ठेवलेल्या. त्यांच्या आत आई सरळ कॅमेऱ्यात बघत हसत होती. अशी ती लेकीसाठी कधीच बसली नव्हती. तिनं हात न हलवता फोटो काढला.

"मला पाठव हं," सर म्हणाले.

घरी जाताना बसमध्ये आई खिडकीशी बसली होती. तिनं लेकीच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"तुझंही चित्र वाईट नाही गं," ती मायेनं म्हणाली. "पण ती निळी दोरी घालायची राहिली ना तुझी. म्हणूनच परत पाठवलं असेल त्यांनी."