गोड म्हणायला बंदी

ऐकताय ना? मी लाकडी चमचा बोलतोय. चमचा म्हटल्यावर हसलात, ते दिसलं मला. हसा, हसा! पण तोंडपुजेपणाशी माझं उभ्या जन्माचं वाकडं आहे.

एका सुतारानं खुर्ची करताना उरलेल्या तुकड्यातून मला घडवलं. दांडा लांब, डोकं जरा मोठं. त्यानं मला टॉफ्या बनवणाऱ्या मामांना देऊन टाकलं. ते तसे एकाच भाचीचे मामा, पण अख्खी गल्ली त्यांना मामाच म्हणते. पुढे दुकान, तिथे मामी बसतात. मागच्या खोलीत शेगडी, तांब्याची कढई, टॉफी थापायचं दगडी टेबल आणि खिळ्याला टांगलेला मी. पाक होत आला की मामा माझ्या टोकावर थेंबभर घेत, फुंकर घालत, चाखत आणि स्वतःशीच मान डोलवत. वीस वर्षं मला एवढंच काम. मजेत होतो.

मग डॉक्टरांनी मामांचं रक्त तपासलं आणि सांगितलं, "आजपासून साखरेचा कणही नाही." टॉफीवाल्याला साखर बंद! मामा घरी येऊन कढईसमोर नुसते बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला मामींपुढे धरलं. "कशी झालीय?"

"गोड."

"अगं, गोड तर नुसती साखरही लागते! नीट सांग की."

"बरं, छान गोड."

मामांनी कपाळावर हात मारला. कॉलेजातून भाची आली, तिलाही चाखवलं. ती म्हणाली, "मस्त!" झालं!

माणसांचं हे मला कधी कळलंच नाही. भांडायला बसली की ह्यांच्याकडे शंभर शब्द निघतात, आणि जिभेवर टॉफी विरघळत असताना मोजून तीन. शेवटी मामांनी फर्मानच काढलं, "ह्या खोलीत गोड, छान आणि मस्त म्हणायला बंदी! जिभेला काय होतं ते सांगायचं. शब्द नसेल तर बनवा."

भाचीनं पुन्हा चाखलं. "मामा, ही ना... डोळमिटी झालीय. डोळे आपोआप मिटतात बघ." मामांनी खडू घेतला आणि कपाटाच्या दारावर तो शब्द लिहून टाकला. मग काय, रोज भर पडायला लागली. गाल फुगून बोलता येत नाही ती गालटुम्म. कळायच्या आत घशाखाली उतरते ती सुळ्ळम. पहिली तोंडात असतानाच हात बरणीकडे जातो ती अजूनकी. पत्रं टाकून पळणारा पोस्टमनसुद्धा दारात रेंगाळून विचारायचा, "आज अजूनकी आहे का हो?" मामी नाक मुरडायच्या, "काय बाई हा पोरखेळ!" पण दुकानात डुलकी लागली असताना त्या "सुळ्ळम" पुटपुटल्या, हे मी ह्या कानांनी ऐकलंय.

मामांना मात्र तो पोरखेळ नव्हता. हे शब्द म्हणजे आता त्यांची जीभ होती. डोळमिटी म्हटलं की शेगडी बंद, नुसती गालटुम्म म्हटलं की आणखी दोन मिनिटं आच.

एके दिवशी सर्दीनं मामांचं नाकही बंद होतं. सकाळपासून चेहरा उतरलेला. "ज्याला स्वतःच्या हातची चव कळत नाही त्यानं दुकान कशाला चालवायचं?" असं ते बोलत राहिले आणि त्या नादात पाक करपला. भाचीनं मला तोंडात घातलं मात्र, तिचं तोंड कसं वाकडं झालं ते मी अगदी जवळून पाहिलं. कडू जहर! तिनं मामांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "डोळमिटी, मामा!" मामा एकदम खुलले. मला ओरडावंसं वाटत होतं, पण चमचा ओरडणार कसा?

दुपारी पोस्टमननं टॉफी थुंकली आणि चाचरत म्हणाला, "मामा, आज कडू लागतेय हो." मामा आत आले. भाचीला एवढंच विचारलं, "तुला कळलं होतं?" तिनं मान खाली घातली. ते रागावलेसुद्धा नाहीत. ओल्या फडक्यानं कपाटाचं दार पुसलं आणि म्हणाले, "उद्यापासून दुकान बंद." मला न धुताच खिळ्याला अडकवलं. मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी भाची कॉलेजला गेलीच नाही. करपलेल्या टॉफीचा मोठा तुकडा तिनं मामांसमोर उभं राहून चावून चावून खाल्ला. डोळ्यांत पाणी आलं तरी थांबली नाही. "मामा, ही करपाट आहे. शुद्ध करपाट!"

"मग कालच का नाही बोललीस?"

"तुला वाईट वाटेल म्हणून. आणि दारावर सगळे कौतुकाचेच शब्द होते रे. बिघडलेलीसाठी आपण एकही केला नव्हता."

तेवढ्यात दारातून मामी म्हणाल्या, "आता निघालंच आहे तर सांगते. गेल्या महिन्यातली होती ना, ती दाढपाडू होती. मीही बोलले नाही."

"दाढपाडू?" मामा हसायला लागले ते खोकला येईपर्यंत. मग खडू शोधायला लागले.

आता माझ्या डोक्याला चीर गेलीय, दांडा काळा पडलाय. भाची नोकरीसाठी परगावी असते. घरात नवा स्टीलचा चमचा आलाय, पण तो ओठांना चटके देतो म्हणून मामी मलाच घेतात. तुम्हाला एकच विनंती आहे. कुणी स्वतःच्या हातचं चाखायला दिलं तर "छान" म्हणून सटकू नका. बिघडलं असेल तर हसवत सांगा, पण सांगा.

आज सकाळचंच बघा. मामींनी मला तोंडात घातलं आणि मामा श्वास रोखून उभे राहिले. "काय गं?"

"रुसाखर," मामी म्हणाल्या. "साखर रुसून बसलीय. दाणे दाणे लागतात."

"अख्खी कढई वाया?"

"अख्खी."

मामांनी कढई खाली उतरवली आणि शिट्टी वाजवत घासायला घेतली. डोळमिटी ऐकूनसुद्धा हा माणूस इतका खूश झालेला मी कधी पाहिला नव्हता.