गॅस तो गॅस

गाडी माझ्या लग्नाच्याही आधीची. गॅरेजपर्यंत येताना एसीतून नुसता कोमट वारा येत होता आणि त्याबरोबर एक उग्र वास.

"सूनबाई, गाडीत लसूण सोलत होतीस की काय?" सासऱ्यांनी विचारलं. गुडघे दुखतात म्हणून ते उतरलेच नाहीत. काचा वर करून मागच्या सीटवर बसून राहिले.

मिस्त्रीने बॉनेट उघडलं. कॉम्प्रेसरच्या तोंडाशी तेलाचा काळा ओघळ होता. त्याने साबणाचं पाणी लावलं. फेस सावकाश फुगत राहिला.

"सील गेलंय, ताई. कॉम्प्रेसरच बदलू. शेवटचा गॅस कुणी भरला?"

"आमच्या भावजींनी. घरच्या घरी."

"हौसेला मोल नाही!" तो हसला, वाकून वास घेतला आणि झटकन मागे सरकला.

एसीच्या गॅसला असा वास नसतो. हा वास स्वयंपाकाच्या गॅसमध्ये मुद्दाम मिसळतात, गळती कळावी म्हणून. परवा सिलिंडर लवकर संपल्याचं मी बोलले, तेव्हा भावजी म्हणाले होते, "वहिनी, गॅस तो गॅस. चुलीत काय नि गाडीत काय!" मला तो विनोद वाटला होता.

"आजोबा आत काय करतायत?" मिस्त्रीने हळूच विचारलं.

बाबांच्या ओठांत सिगारेट होती. ते खिशातून लायटर काढत होते. सासूबाईंच्या धाकाने ते नेहमी असेच काचा लावून, चोरून ओढतात.

मी काचेवर हात आपटला. "बाबा, आधी बाहेर या!"

त्यांनी डोळा मारला. "एकच गं. हिला सांगू नकोस."

अंगठा लायटरवर गेला.

"आई आल्यात!" मी म्हणाले.

लायटर खिशात गेला, सिगारेट सीटखाली. मी दार उघडलं. वास पायांशी सांडल्यासारखा बाहेर आला. मिस्त्रीने त्यांना धरून उतरवलं.

"कुठाय ती?" ते इकडेतिकडे बघत होते.

मी रस्त्यापलीकडे जाऊन भावजींना फोन लावला.

"बोला वहिनी! झाली का गाडी गारेगार?" मागे इंजिनाची घरघर होती. "उरलेला गॅस मी माझ्या गाडीत भरला. आईला घेऊन निघालोय. मघापासून एकच धोशा लावलाय तिने, लसूण कुठे सांडलाय म्हणून."

"भावजी, गाडी थांबवा. आत्ताच्या आत्ता उतरा दोघं."

"काय? नीट ऐकू येत नाहीये, वहिनी. थांबा, जरा काच वर करतो."