चिमाजीच्या नडगीतली देवी

विंझरच्या चिमाजीच्या ओट्यावर माणसांची रीघ लागली होती. कोयता लागून फाटलेल्या त्याच्या नडगीवरची पट्टी हिरवीगार झाली होती आणि तिला गोडसर वास येत होता. देवीनं हिरवा चुडा भरायला हीच नडगी निवडली, असं जखमांवर तीर्थ ओतणारे गावातले हिरवेबाबा घसा खाकरून सांगत होते. लोक पट्टीला कपाळ टेकवत होते. चिमाजी तापानं फणफणला होता, तरी पाय पुढं करून नवरदेवासारखा बसला होता.

त्याची बायको बनाबाई चुलीपाशी धुसफुसत होती. अख्ख्या गावाला चहा पाजून घरातला गूळ संपला होता, आणि देवी आल्यापासून नवऱ्याला उभं राहता येईना. आधी लाल असलेली जखम बाबांनी लोट्यातलं तीर्थ ओतल्यावर हिरवी झाली, हे तिनं स्वतः पाहिलं होतं. गावातल्या कोंडिबाचं बोट आणि रतनबाईची टाचही तीर्थानंतरच हिरवी पडली होती. पाय हातचा जाईल या धास्तीनं तिनं गाडी जुंपायला लावली आणि भोरहून डॉक्टर नारायणरावांना घेऊन आली.

डॉक्टरांनी वाद घातला नाही. त्यांनी जखमेतला पू घेतला, तीर्थाचे थेंब घेतले, विहिरीचं उकळलेलं पाणीही घेतलं. जखम धुऊन स्वच्छ पट्टी बांधली, तीर्थ लावू नका म्हणून बजावलं आणि ते भोरला गेले.

तीन दिवसांनी परत आले ते काचेच्या तीन झाकणबंद बशा घेऊन. बशांत मटणाचं पाणी खळीसारखं गोठवून प्रत्येकीवर एकेक नमुना सोडला होता. पुवाची बशी हिरवी झाली होती आणि तीर्थाचीही. उकळलेल्या पाण्याची स्वच्छ होती. भोरला सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही हिरव्या बशांत सारखेच काडीसारखे जंतू दिसले आणि रंग व वास तेच सोडतात, असं डॉक्टरांनी समजावलं.

बाबा गडबडले, पण लगेच सावरून म्हणाले की देवी कुठंही प्रकटते.

"मटनाच्या पान्यातबी?" बनाबाईनं विचारलं. "मग म्हाराज, तुमची टाच लई भेगाळलीया. तिच्यावर ओता की तीर्थ. देवी तुमच्याकडंबी येऊ द्या."

बाबांनी टाच धोतराखाली ओढून घेतली. आधी रतनबाई हसली, मग सगळा ओटा. संध्येची वेळ झाली म्हणत बाबा भरदुपारी उठले आणि लोटा तिथंच टाकून गेले. पावित्र्य जाईल म्हणून तो कधी घासलेलाच नव्हता. आत हिरवट बुळबुळीत थर साचला होता.

उकळलेलं पाणी, पातळ व्हिनेगर आणि रोजची नवी पट्टी यांनी चिमाजीचा पाय वाचला. चिमाजी मात्र थोडा हिरमुसला. आता त्याच्या पायाला कुणी कपाळ लावेना, उलट बायको शेण काढायला पाठवू लागली.

जाताना डॉक्टर लोकांना म्हणाले, "देवळात खुशाल हात जोडा. पण जखमेवर कुणी काही ओतू लागला, तर ते काय आहे आणि त्यानं आजवर कोण बरं झालं, एवढं विचारा. विचारल्यानं देवी रागावत नाही. रागावतो तो बाबा."