अनसाबाईंची परत उगवलेली दाढ

मित्रांनो, तुमच्या घरी भिंतीवर जो आरसा असतो, त्याच्यासमोर तुम्ही भांग पाडता, गालावरची पुटकुळी दाबून बघता, आणि आसपास कुणी नसलं की वेडीवाकडी तोंडंही करता. मी त्याच्याच जातीचा. पण माझ्या नशिबी बाहेरचं तोंड कधी आलं नाही. मी दातांच्या डॉक्टरांचा आरसा आहे. लांब पोलादी दांडी आणि टोकाला रुपयाएवढी गोल काच, एवढाच माझा संसार. आता माझं वय झालं आहे. काचेवर ओरखडे पडले आहेत, कडेने पाणी शिरून काळसर डाग आला आहे, आणि दौंडमधल्या एका लहानशा दवाखान्याच्या खणात मी बहुतेक वेळ पडून असतो. सांगण्यासारखं पुष्कळ आहे, पण आरशाला बोलता येत नाही. ज्याचं सगळं आयुष्य लोकांच्या तोंडात गेलं, त्याला स्वतःचं तोंड नसावं, यापेक्षा दैवाची थट्टा ती कोणती?

एका कारखान्यात माझी दांडी ओतली, घासली, चकचकीत केली. टोकाला काच बसवली तेव्हा मला पहिल्यांदा दिसू लागलं. पुण्यातल्या एका दंत महाविद्यालयात मी दाखल झालो. तिथले विद्यार्थी मला धरताना घाबरायचे आणि पेशंट त्यांच्याहून जास्त घाबरायचे. दर पेशंटनंतर मला धुऊन गरम वाफेच्या भांड्यात घालत. तुम्हाला थंडीतल्या आंघोळीचा कंटाळा येतो ना, मग माझी आंघोळ आठवत जा. पण मला कामाचा अभिमान होता. दाढेच्या पाठीमागचं, गालाच्या आतलं, जिभेखालचं, जे डॉक्टरांच्या डोळ्याला थेट दिसत नाही ते मी दाखवायचो. माझी काच स्वच्छ आहे म्हणून डॉक्टर मला मुद्दाम शोधून घेत, आणि मी ट्रेमध्ये जरा ताठच पडून राहत असे.

मग महाविद्यालयाने एक अभ्यास हाती घेतला आणि मी शिरूर तालुक्यात केंदूरला गेलो. अभ्यास होता मिश्रीचा. मिश्री तुम्हाला माहीत असेल. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची, डबीत भरायची आणि सकाळी बोटाने दातांना चोळायची. बायका सांगतात की तिच्याशिवाय डोकं चढतं, पोट साफ होत नाही आणि कामाला हात लागत नाही. मग सकाळची मिश्री दुपारीही लागते आणि संध्याकाळीही. ती जिथे साठते तिथे गालाच्या आत कधी कधी पांढरा डाग उठतो. तो दुखत नाही, म्हणून त्याला कुणी विचारत नाही. काही डाग मिश्री सोडली की विरून जातात. काही जात नाहीत, आणि त्यांतल्या काहींचा पुढे कर्करोग होतो. बायकांना नीट समजावून मिश्री सोडवली तर किती जणींचे डाग जातात, हे डॉक्टरांना शोधायचं होतं.

अशा अभ्यासाचा एक नियम असतो. पहिल्या वेळी ज्या डॉक्टरने तोंड पाहिलं, त्याने दुसऱ्या वेळी पाहायचं नाही. दुसऱ्या डॉक्टरला नाव सांगायचं नाही, वय सांगायचं नाही, आधी काय दिसलं होतं तेही सांगायचं नाही. समोर फक्त एक क्रमांक आणि एक उघडं तोंड. म्हणजे मनात आधीचं काही राहत नाही आणि जे आहे तेच दिसतं. नियम शहाणा आहे. त्याला नावं ठेवायला माझी जीभ असती तरी उचलली नसती.

पहिल्या फेरीला दिवाळी नुकतीच झाली होती. शाळेच्या व्हरांड्यात खुर्ची मांडली होती आणि डॉक्टर रोहन तपासत होते. अनसाबाई आल्या त्या हसतच. त्यांचा सासरा मेंढरं घेऊन रानोमाळ हिंडलेला. आता घर बसतं झालं होतं, नवरा ज्योतिबा शेती बघत होता आणि अनसाबाई घरासकट सगळ्यांना बघत होत्या. मी आत गेलो. दात मिश्रीने काळेशार. उजवीकडची खालची मागची दाढ कधीच पडून गेलेली, तिथे नुसता खळगा. आणि डाव्या गालाच्या आत, हिरडीला लागून, दुधावरच्या सायीसारखा पांढरा डाग.

डॉक्टर रोहन यांनी त्यांना बाजूला बसवून सगळं सांगितलं. मिश्री बंद करायची, कांदाकाढणीच्या सुमाराला पुन्हा यायचं, आणि तेव्हाही डाग असला तर त्याचा लहानसा तुकडा काढून तपासायला पाठवायचा. अनसाबाईंनी मान डोलावली. डबी पोराबाळांच्या हाती लागणार नाही अशी ठेवीन, असंही म्हणाल्या. डॉक्टरांना वाटलं, त्या सोडणार. मला वाटलं, त्या डबी जपून ठेवणार. पण मला कोण विचारतो?

दुसऱ्या फेरीला तपासायला डॉक्टर सुलक्षणा होत्या. त्या मूळच्या दौंडकडच्या, शेतकऱ्याच्या घरातल्या, कामाला एकदम चोख. माझा ट्रे खिडकीपाशी ठेवला होता आणि बाहेर बायकांची रांग होती. ग्रामपंचायतीचा शिपाई गोकुळ बाहेर नाव पुकारून बाईच्या हाती नुसत्या क्रमांकाची चिठ्ठी देत होता. त्याने अनसाबाईंचं नाव घेतलं आणि एक तरणी बाई पदर सावरत उठली. ती त्यांची सून रुपाली.

"वैनी, तुम्ही? म्हातारी कुठाय?" गोकुळने विचारलं.

"कांदं काढाय बायका लावल्यात. आत्याबाई रानात हायेत. मला धाडलंय."

"बरं, बरं. घरटी एक माणूस आलं म्हंजी झालं," गोकुळ म्हणाला आणि त्याने तिला आत सोडलं.

मित्रांनो, त्याच्यावर रागावू नका. गावाची ही जुनी रीत आहे. जेवणाचं आवतण असो, ग्रामसभा असो, नाहीतर बांधबंदिस्तीचं श्रमदान असो, निरोप येतो तो घरटी एक माणूस असा. सासू नसेल तर सून जाते, बाप नसेल तर लेक जातो, आणि घराने हजेरी लावली असं सगळे धरतात. या रीतीने गावाची किती कामं तडीला गेली आहेत. पण तोंड काही घराच्या मालकीचं नसतं, ते ज्याचं त्याचं असतं, हे त्या दिवशी कुणाच्या ध्यानात आलं नाही.

रुपाली खुर्चीत बसली. सुलक्षणाबाईंपुढे फक्त क्रमांक होता. मी आत गेलो आणि हबकलो. दात काळे होते, कारण सासूच्या डबीत सुनेचंही बोट जात होतं. पण हे दात निराळे होते. डावा गाल गुलाबी, स्वच्छ. आणि उजवीकडे, जिथे खळगा होता, तिथे धडधाकट दाढ उभी. मी आत फिरत होतो आणि ओरडत होतो. बाई, पडलेली दाढ कधी उगवते का? ही ती बाई नाही. डाग तिकडे कांद्याच्या रानात आहे. माझ्या काचेवर रुपालीच्या श्वासाची वाफ धरली. सुलक्षणाबाईंनी ती पुसली आणि मला पुन्हा आत घातलं. आधीचं तोंड त्यांनी पाहिलंच नव्हतं. दोन्ही तोंडं पाहिलेला तिथे मी एकटा होतो.

त्यांनी लिहिलं की डाग नाही. वर हसून म्हणाल्या, "छान आहे सगळं. काही काळजी करू नका."

रुपालीने एकदा तोंड उघडलं, बहुधा सांगायलाच. पण बाहेर पुढचं नाव पुकारलं गेलं आणि ती उठली. घरी तिने काय सांगितलं असेल ते मला तेव्हाच कळलं. छान आहे सगळं, असंच.

मला एक वेडी आशा होती. पुण्याला दोन्ही फेऱ्यांचे कागद शेजारी ठेवतील, आणि कुणीतरी विचारील की ही दाढ आली कुठून? मी ट्रेमध्ये पडून वाट पाहिली. कुणी विचारलं नाही. कारण दातांची नोंद कुणी केलीच नव्हती. त्यांना डाग मोजायचे होते, दात नाही. अनसाबाईंचा डाग बरा झालेल्या डागांत गेला. समजावून मिश्री सोडवली की बहुतेक डाग जातात, असा निष्कर्ष पुढे एका सभेत वाचून दाखवला तेव्हा टाळ्या पडल्याचं मी ऐकलं. सुलक्षणाबाई त्या दिवशी गुणगुणत हात धूत होत्या. मला मात्र वाफेच्या भांड्यातही थंडी वाजत होती. तुम्हाला घराला आग लागलेली दिसते आहे, घरातले झोपले आहेत, आणि तुमचा आवाज फुटत नाही, असं स्वप्न कधी पडलं आहे का? मी त्या स्वप्नात महिनेच्या महिने जागा होतो. प्रत्येक नव्या तोंडात शिरताना मला तोच पांढरा डाग दिसायचा, आणि तो दर वेळी मोठा झालेला असायचा.

गणपती झाल्यावर शेवटची फेरी झाली. मोजणी संपली होती, म्हणून तिला डॉक्टर बदलायचा नियम नव्हता, आणि या वेळी अनसाबाई स्वतः आल्या. कुणी बोलावण्याआधी येऊन बसल्या होत्या. सोबत रुपाली होती आणि दाराशी ज्योतिबा उभे होते. अनसाबाई हसल्या नाहीत, कारण हसायला तोंड उघडावं लागतं. भाकरी जात नव्हती, तिखट सोसत नव्हतं, ताकात भात कालवून कसाबसा गिळत होत्या. सुलक्षणाबाईंनी तोंड उघडायला सांगितलं तर जेमतेम दोन बोटं उघडलं. मी आडवा होऊन आत गेलो. मी जे पाहिलं ते तुम्हा मुलांना सगळं सांगणार नाही. डाग आता डाग राहिला नव्हता. जखम होती, आणि तिच्या कडा कडक झाल्या होत्या. उजवीकडचा खळगा मात्र होता तसाच होता.

सुलक्षणाबाईंचा हात माझ्या दांडीवर थांबला. त्यांनी क्रमांक आणि आपणच लिहिलेला मागचा कागद पुन्हा पाहिला.

"मावशी, हे तोंड मी मागच्या वेळी पाहिलेलं नाही," त्या म्हणाल्या.

रुपाली खाली बघत होती. "मागच्या टायमाला म्या बसले हुते हितं," ती म्हणाली. "तुम्ही छान हाय म्हणलात. मी घरी तेच सांगितलं."

"तिला बोलू नका," अनसाबाई जड जिभेने म्हणाल्या. "मीच धाडली. घरटी एक माणूस गेलं की भागतं, असं वाटलं. कांदा काय थांबतुय व्हय?"

सुलक्षणाबाईंनी काही सुनावलं असतं तर बरं झालं असतं. त्या फक्त चिठ्ठी लिहू लागल्या. पुण्याच्या मोठ्या रुग्णालयात, उद्याच्या उद्या, एवढंच बोलल्या. ऑपरेशन करावं लागेल हे त्यांनी ज्योतिबांना दाराशी जाऊन सांगितलं, पण ते खुर्चीपर्यंत ऐकू आलं.

"बाई," अनसाबाईंनी हाक मारली. त्यांच्या डोळ्यांत अजूनही थोडी थट्टा होती. "आपरेशनला सुनेला धाडली तर चालंल का?"

रुपालीने पदर तोंडात कोंबला आणि ती भिंतीकडे वळली.

त्यानंतर सुलक्षणाबाईंनी सगळं उकरून काढलं. घरोघर जाऊन विचारलं तेव्हा कळलं, की आणखीही काही घरांनी असंच माणूस बदलून पाठवलं होतं. एकीच्या जागी जाऊ आली होती, एकीच्या जागी लेक. त्यांनी वरिष्ठांना सांगून तो निष्कर्ष मागे घ्यायला लावला आणि त्या बायकांची तोंडं नव्याने तपासली. पुढे सुलक्षणाबाई महाविद्यालय सोडून दौंडला आल्या आणि त्यांनी दवाखाना थाटला. माझी काच तोवर ओरखडली होती, मला टाकूनच देणार होते. त्यांनी मला मागून घेतलं. का, ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. मला माहीत आहे.

मित्रांनो, माझी एकच विनवणी आहे. मी काच आहे, मला हात जोडता येत नाहीत, तरी जोडले आहेत असं समजा. तुमच्या घरात तुमची आई, आजी, काकू कुणी मिश्री लावत असेल, तर आज तिला उजेडात बसवा आणि आ कर म्हणा. ती हसेल, तुम्हाला चावट म्हणेल, कामाची घाई सांगेल. ऐकू नका. गालाच्या आत बघा. डाग दिसला तर तिला, तिलाच, हाताला धरून डॉक्टरकडे न्या. दुखत नाही म्हणून थांबू नका, कारण तो दुखायला लागतो तेव्हा फार उशीर झालेला असतो. आपल्या माणसासाठी आपण पाणी भरू शकतो, भाकरी थापू शकतो, रात्रंदिवस राबू शकतो. त्याच्या जागी तोंड उघडून बसू शकत नाही.

गेल्या आठवड्यात खण उघडला. नवे आरसे वाफेच्या भांड्यात होते म्हणून मला आदल्याच दिवशी उकडून तयार ठेवलं होतं. दाराशी रुपाली उभी होती. तिचं माहेर कासुर्डीचं, तिथून ती एकटीच एसटीने आली होती. सुलक्षणाबाईंनी तिला ओळखलं आणि त्या काही विचारणार, तोच तिने मान हलवली.

"आत्याबाई गेल्या," ती म्हणाली. "जबडा काढला हुता. शेवटी बोलता बी येत न्हवतं. खुणंनं मला सांगायच्या, जा, दाखवून ये."

सुलक्षणाबाईंनी तिला खुर्चीत बसवलं. कागद पुढे ओढला आणि हलक्या आवाजात नाव विचारलं. नाव त्यांना ठाऊक होतं, तरी विचारलं.

"रुपाली," ती मोठ्याने म्हणाली. "या खेपेला माझं माझ्याच नावानं लिवा."

मग तिने तोंड उघडलं. मी आत गेलो. उजवीकडची दाढ होती तिथेच होती. डाव्या गालात, हिरडीला लागून, तांदळाच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका होता. माझ्या ओरखडलेल्या काचेतूनही तो स्वच्छ दिसत होता, आणि या वेळी सुलक्षणाबाईही तोच बघत होत्या.