आगोटीखाली दबलेली काचलोकर

मी काचेची लोकर. लोकर म्हणतात, पण कोणत्याही मेंढीने मला अंगावर वागवलेले नाही. वाळू आणि फुटक्या काचा भट्टीत वितळल्या, त्या रसाचे केसाहून बारीक तंतू निघाले, तो माझा जन्म.

मी उष्णता अडवते असे लोक समजतात. खरे तर अडवते ती माझ्या तंतूंत थांबलेली हवा. थर्माकोल तीच हवा बारीक कप्प्यांत धरतो, भाताचा पेंढा काड्यांत. माझ्या पाठीवरची चकचकीत पन्नी मात्र छपराच्या पत्र्याचा ताप आल्या वाटेने परत पाठवते. त्यासाठी तिच्यासमोर मोकळी जागा लागते.

मोहोपाड्याच्या कारखान्यात नोकरी करणाऱ्या लडकूने मला पळसदरीच्या घरी आणले. त्याचे वडील येसाजी अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेले. उन्हाळ्यात पत्र्याखाली त्यांना श्वास पुरत नसे. लडकूने मला माळ्याच्या फळ्यांवर अंथरले. चैत्र सुखात गेला.

वैशाखात सून विनिताने आगोट भरली. पावसाळ्याचे तांदूळ, कांदे, मीठ.

"येवढी मऊ जागा मोकळी कशाला ठेवायची?" ती म्हणाली. पोती माझ्यावर रचली गेली. मी चपटी झाले, हवा निघून गेली, पन्नी झाकली गेली.

चौथ्या दुपारी येसाजींचे डोळे फिरले. विनिताने ओले फडके कपाळावर ठेवले, चमच्याने पाणी पाजले. लडकू संतापला.

"फसवलं गं आपल्याला! काच ती काच, तापणारच. उद्याच काढून फेकतो."

येसाजींनी बरा हात उचलला. शब्द तुटत येत होते.

"वर... काय ठेवलंय?"

"आगोट हाय, मामा."

"माळ्यावरच्या पेंढ्यावर... आमी कदी वजन ठेवलं? दबला, का ताप खाली. आन् तुमी... शिकलेली!"

"शिकलेलं तुमचं पोरगं, मामा. मी नाय."

म्हाताऱ्याच्या ओठाचा एक कोपरा हलला. त्याच सांजेला पोती उतरली.

माझे उजवे अंग हळूहळू फुगले. डाव्या अंगाचे तंतू मोडले होते, ते फुगले नाही. येसाजींची खाट उजवीकडे सरकवली आहे. डावीकडे आता कोणी निजत नाही. पोती ओसरीत आहेत. विनिता येता-जाता त्यांना ठेचकाळते, पण पुन्हा वर चढवत नाही.

माणसाला मोकळे काही पाहवत नाही. देवाने मात्र माझे सारे बळ मोकळ्या जागेतच ठेवले. माझे मागणे एवढेच: वर काही ठेवण्याआधी, खाली कोण निजले आहे ते पाहा.