पाठीवरचं 'तेवढ्यात'

जरा वर बघा. घड्याळाकडे नको, त्याच्या शेजारी. पितळी दौत-लेखणी मिरवणारी लाकडी ढाल खिळ्याला टांगलेली दिसते ना? तीच बोलतेय. माझा जीव टांगणीला लागलाय असं म्हटलं तर तुम्ही हसाल, पण माझ्या बाबतीत ते शब्दशः खरं आहे. तुम्ही या घरी पाहुणे म्हणून आला आहात, तुमचं इथे कुणी ऐकेल, म्हणून तुमच्याकडे एक काम आहे. पण ते शेवटी सांगते.

माझं पूर्ण नाव फिरती ढाल. एक साहित्यिक मासिक दर वर्षी कथास्पर्धा घेतं आणि वर्धापनदिनाच्या संमेलनात पहिल्या आलेल्या लेखकाच्या हाती मला देतं. वर्षभर मी त्याच्या घरी राहते. पुढच्या संमेलनाला परत जायचं, की लगेच दुसऱ्याच्या गाडीत, दुसऱ्याच्या भिंतीवर. एखाद्या घरातल्या माणसांचे आवाज ओळखीचे होतात न होतात, तोच मला चादरीत गुंडाळतात. स्वस्थता म्हणून कशी ती नाही.

एका सुताराने कपाटाच्या दारातून उरलेल्या फळीतून मला घडवलं. पुढून असं पॉलिश मारलं की तोंड दिसावं. पाठ मात्र नुसती घासून सोडून दिली. संपादक मला न्यायला आले तेव्हा त्यांनी मला उलटी करून पाहिली आणि विचारलं, "अहो, मागची बाजू कोरीच ठेवलीत?"

"साहेब, पाठ राहणार भिंतीकडे," सुतार म्हणाला. "तिला कोण बघतंय?"

त्यानंतर खरंच कुणी बघितली नाही. नावात फिरती आहे, पण मला फिरवून बघावं असं कुणाच्या मनात आलं नाही.

संपादकांनी माझ्यासाठी एक नियमही काढला. ढाल परत करणाऱ्याने व्यासपीठावर उभं राहून नवी कथा वाचायची, मगच ढाल टेबलावर ठेवायची. बक्षीस मिळालं म्हणून माणसाने लिहायचं थांबू नये, असा त्यामागचा हेतू. हेतू चांगला होता, पण झालं भलतंच. एका बँकेतल्या साहेबांनी जुनीच कथा नायकाला मिशा लावून वाचली. एका प्राध्यापकांनी कथेऐवजी 'माझी लेखनप्रक्रिया' सांगितली, ती संपेना. एका डॉक्टरांचा घसा नेमका त्या सकाळी बसला आणि त्यांनी मला मेहुण्याबरोबर पाठवून दिलं.

हळूहळू माझ्या लक्षात आलं की मी ज्या घरी जाते, तिथे लिहिणं बंद पडतं. कारण प्रत्येक जण मला लिहिण्याच्या टेबलासमोर टांगतो. पेन उचललं की नजर वर येते, आणि वर मी. मी काही म्हणत नाही हो, पण माझं चमकणं काही थांबत नाही. तो बिचारा माझ्याकडे बघतो, कागदाकडे बघतो आणि पेन ठेवून देतो. अशाने मला माझीच चीड यायला लागली होती.

मग मी चष्मेवालीच्या घरी गेले. ती आणि तिचा नवरा मिळून चष्म्याचं दुकान चालवायचे. पहिली आलेली तिची कथा तिने दुकानातच, काउंटरवर, नंबरच्या चिठ्ठ्यांच्या मागच्या बाजूला लिहिली होती. गिऱ्हाइकाला सांगायचं, "आता खालची ओळ वाचा," आणि ते डोळे बारीक करून अक्षरं लावेपर्यंत आपण कथेची एक ओळ लिहायची. असं तिचं चालायचं.

बक्षीस मिळालं आणि तिचा नवरा हरखून गेला. माणूस फार चांगला. त्याने तिला दुपारची दुकानातून मोकळी केली, टेबल आणलं, दिवा आणला, खुर्चीवर उशी ठेवली. "आता काउंटरवर खरडायचं नाही," तो म्हणाला. "लेखिकेसारखं बसून लिही." आणि त्याने मला बरोबर तिच्या समोर टांगलं. मी मनातल्या मनात कपाळावर हात मारला.

ती बसायची. लगेच उठायची. पाणी प्यायची, पंखा कमी करायची, खण आवरायची. एक ओळ लिहून माझ्याकडे बघायची आणि ओळ खोडायची. दार आपटलं की मी खिळ्यावर तिरकी व्हायचे, की ती उठून मला सरळ करायची, पुन्हा मागे जाऊन बघायची, पुन्हा सरळ करायची. तिच्या सासूबाई मला स्वतःच्या चष्म्याच्या फडक्याने पुसायच्या आणि आल्यागेल्याला "ही आमच्या सुनेची" म्हणून दाखवायच्या. मधूनच दारातून डोकावायच्या.

"झाली का गं कथा?"

"होतेय, आई."

होत काहीच नव्हतं. आम्ही दोघी समोरासमोर नुसत्या तळमळत होतो.

संमेलन तोंडावर आलं तेव्हा ती नवऱ्याला म्हणाली, "मी यंदा जात नाही. ढाल कुरिअरने पाठवून द्या. आणि यापुढे मला लिही म्हणू नका. मला काही लिहिताबिहिता येत नाही. चुकून नंबर लागला तेव्हा."

"चष्म्याचा नंबर चुकून लागत नाही, कथेचा कसा लागेल?" तो म्हणाला.

ती हसली नाही. तिने टेबलावरचे कागद उचलून खणात कोंबले आणि खण लावून घेतला. मला धस्स झालं. आतापर्यंतच्या लोकांचं लिहिणं माझ्यामुळे अडलं होतं. हिचं कायमचं सुटणार होतं. सासूबाई तेवढ्या अडून बसल्या. "मी नव्या चपला घेतल्यात संमेलनासाठी. मी जाणार म्हणजे जाणार. तू ढाल धरायला तरी चल."

म्हणून आम्ही तिघी बसने निघालो. मी जुन्या चादरीत, तिच्या मांडीवर. सासूबाईंना खिडकीशी लगेच डुलकी लागली. बस हिसके द्यायला लागली तशी माझी पितळी लेखणी तिच्या पोटाला टोचू लागली. वैतागून तिने चादरीची घडी केली, मांडीवर पसरली आणि तिच्यावर मला पालथी घातली.

पालथी! माझं चमकणारं तोंड चादरीत, आणि उघडी पाठ तिच्यासमोर. मला काही दिसेना, आणि मुख्य म्हणजे तिला मी दिसेना.

ऐकू मात्र येत होतं. पुढच्या बाकावर एक म्हातारा आपला चष्मा शोधत होता. शेजारची बाई म्हणाली, "अहो आजोबा, एक डोक्यावर आहे, एक नाकावर आहे." त्यावर आजोबा म्हणाले, "ते दोन मला माहीत आहेत. मी तिसरा शोधतोय." माझ्यावर ठेवलेले तिचे हात हसू दाबताना हलले. मग पर्सची चेन उघडल्याचा आवाज आला. दुकानाचं चिठ्ठ्यांचं पॅड माझ्या पाठीवर आलं आणि त्यावर पेन टेकलं.

ते मी कसं सांगू तुम्हाला! इतकी वर्षं कथांचं बक्षीस म्हणून फिरले, पण कथा लिहिली जाताना अंगाला कशी लागते ते मला ठाऊकच नव्हतं. टोक चालत होतं, थांबत होतं, परत धावत होतं. मला आनंदाने रडू येत होतं, आणि त्याच वेळी बस पोहोचू नये म्हणून जीव नुसता वरखाली होत होता. पण बस पोहोचलीच. शेवटच्या ओळीत जोराचा धक्का बसला, पेन कागदावरून घसरून तसंच पुढे माझ्या पाठीवर चाललं, आणि ती घाईघाईने मला गुंडाळून उतरली.

सभागृह भरलेलं होतं. तिने मला काखेत धरलं आणि चिठ्ठ्या वाचायला सुरुवात केली. तिसऱ्या चष्म्याची गोष्ट. मध्येच अडली. "माफ करा, अक्षर लागत नाही. इथे खड्डा होता." लोक खळखळून हसले आणि नीट सरसावून बसले. गोष्ट रंगत गेली. "म्हातारा उतरायला उठला," तिने वाचलं, "आणि मागे वळून बघतो तर त्याचा तिसरा चष्मा त्याच बाईच्या नाकावर..."

पुढचा शब्द नव्हता. तिने चिठ्ठ्या उलटसुलट केल्या. तिचा चेहरा उतरला. संपादक खुर्चीतून अर्धे उठले. मी काखेत धडपडत होते. अगं, माझ्याकडे बघ, माझ्याकडे आहे तो!

एकदम तिला आठवलं. तिने सगळ्यांसमोर मला फिरवलं आणि माझ्या पाठीवर वाचलं, "तेवढ्यात."

मग ती म्हणाली, "तेवढ्यात बस इथे आली. पुढची लिहायची राहिली."

"नियमाप्रमाणे कथा पूर्ण..." संपादकांनी सुरुवात केली. पण पहिल्या रांगेत सासूबाई नव्या चपलांसकट उभ्या राहिल्या होत्या.

"तुमचा नियम राहू द्या हो साहेब. अगं, तेवढ्यात काय झालं?"

मागून कुणीतरी ओरडलं, "काय झालं?" मग सगळेच विचारायला लागले.

"मलाही तेच बघायचंय, आई," ती म्हणाली. वर्षभरात तिला इतकं मोकळं हसताना मी पाहिलं नव्हतं.

तिने मला टेबलावर ठेवलं. संपादकांनी शब्द अंगठ्याने पुसून पाहिला. पाठीला पॉलिश नव्हतं, शाई आत मुरली होती. "हे निघणार नाही आता," ते म्हणाले. ती म्हणाली, "चुकलंच माझं. पण साहेब, तुमच्याकडे एखादा जाड पुठ्ठा असेल का? परतीच्या बसमध्ये लागेल." त्यांनी अंकांच्या गठ्ठ्याचा पुठ्ठा काढून दिला. तो छातीशी धरून ती सासूबाईंबरोबर निघून गेली. माझ्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण त्या पुठ्ठ्याचा मला जितका हेवा वाटला, तितकीच मी सुखावले.

आता मी इथे आहे. हे घर पाण्याचे मीटर वाचणाऱ्या माणसाचं. मीटर बघत दारोदार हिंडताना, पायरीवर टेकून त्याने पहिली आलेली कथा लिहिली. आता त्याला टेबल मिळालंय. सकाळपासून बघतेय, बसतो, उठतो, पाणी पितो, माझ्याकडे बघतो. घड्याळ बंद पडलंय असं समजून त्याने ते दोनदा काढून लावलं, ते चालूच होतं. मला इथे वर राहवत नाही हो.

तर काम एवढंच. तो पाणी आणायला आत गेलाय, आला की त्याला सांगा: ढाल खाली काढ, मांडीवर पालथी घाल आणि पायरीवर जाऊन बस. माझ्या पाठीवर एकच शब्द आहे, 'तेवढ्यात'. त्याच्यापुढची सगळी जागा कोरी आहे.