चौदा हजार तीनशे एक्कावन्न

डोंगरावर माणसं नेणाऱ्या रोपवेच्या इंजिनघरात भूत आहे, हे चाकमामाला मुळीच पटत नव्हतं. भीती मात्र वाटायची. पंधरा दिवस झाले, गोल दोर कायम एकाच दिशेने ओढणारी मोठी दातेरी चाकं फिरता फिरता मध्येच ‘कट्ट’ करायची. वेळ ठरलेली नाही, आणि दर खेपेला आवाज वाढता.

मामा जुना मेकॅनिक. आवाज झाला की चाकांचे सरलेले दात मोजणाऱ्या मीटरचा आकडा तो खडूने भिंतीवर लिही. त्या सकाळी पाळणा वर सोडून त्याने सहज शेवटच्या दोन आकड्यांची वजाबाकी केली. चौदा हजार तीनशे एक्कावन्न. त्याआधीची केली. तेच! भुताला एवढं गणित कुठून?

भागायला घेतलं. तीन, सात, अकरा, तेरा... आकडा कुणालाच दाद देईना. शंभरी ओलांडल्यावर एकशे तेराने पुरता भाग गेला: एकशे सत्तावीस. मामाच्या हातून खडू गळाला.

लहान चाकाला एकशे तेरा दात, मोठ्याला एकशे सत्तावीस! दोन्हींना एकाच आकड्याने भाग जाऊ नये असेच दात ठेवतात, म्हणजे ठरावीक जोडी सारखी घासत नाही. एकदा भेटलेले दोन दात पुन्हा भेटायला चौदा हजार तीनशे एक्कावन्न दात सरावे लागतात. चाकं बसवताना पहिल्या जोडीवर मामाने ऐटीत पोलादी पंचने खुणेचे ठिपके ठोकले होते. जरा जास्तच जोरात. तडे तिथूनच गेले असणार, आणि आवाज वाढतोय म्हणजे दात आता तुटायलाच आला.

पुढची भेट सत्तर लाख एकतीस हजार नऊशे नव्वदला. मीटरच्या शेवटच्या तीन घरांत आत्ता सातशे. वर पोचायला अजून चारशे दात, भेटीला दोनशे नव्वद. आणि पाळण्यात एकटी मामी, वरचं उपाहारगृह उघडायला निघालेली.

मामाने हळूहळू ब्रेक ओढला. पाळण्यातून फोन खणखणला.

“अहो, थांबवलंत का?”

“मागे घेतोय. दांडा धर.”

“काय विसरलात आता? आणि आवाज का थरथरतोय?”

“थंडी आहे.”

“भर उन्हाळ्यात?”

चाकं उलटी फिरू लागली. आल्या वाटेवर ती जोडी भेटणार नव्हती. पण वजाबाकी चुकली असेल तर? मीटरही उलटा उतरत होता आणि मामा दर दाताला आकडा वाचत होता.

पाळणा टेकला. मॅनेजर धावत आला. “भुताला घाबरलास होय? मीच जातो वर!”

“खुशाल जा,” मामी उतरता उतरता म्हणाली. “घरी काही निरोप?”

साहेबांनी उचललेला पाय खाली ठेवला.

पाळणा रिकामाच सोडला. नऊशे ऐंशी... अठ्ठ्याऐंशी... एकोणनव्वद... तोफ उडाल्यासारखा आवाज झाला. एक दात पत्र्यातून पार निघून गेला. तो पडला त्या पलीकडच्या तळ्यात पाणी अजून उकळतंय म्हणतात. पाळणा उतारावरून सुसाट खाली आला आणि खडकावर आपटून त्याचा भुगा झाला.

मामीने त्या भुग्याकडे पाहून पदर खोचला. “मी आता चालत जाणार,” ती म्हणाली. “रोज.”

मामाला ‘मीही’ म्हणायचं होतं. पण त्याची दातखीळ बसली होती.